जुना टेम्पो कोणता घ्यावा? अनाथ गाड्यांचा इतिहास



आजचा प्रश्न इतिहासाच्या मालिकेत जरा वेगळा वाटेल. माल वाहायला जुना, छोटा टेम्पो घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? इंदूरचा फर्निचरवाला, बेळगावचा भाजीवाला, बडोद्याचा मंडप-डेकोरेशनवाला, हैदराबादेत पाण्याचे जार पोचवणारा. यांची पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँडच असते. साठवलेले सगळे पैसे त्यात जातात आणि वर कर्ज असतंच. गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडून राहिली, तरी हप्ता काही थांबत नाही.

या प्रश्नाला लोक एका वाक्यात उत्तर देतात. 'अमुक कंपनीची घे, डोळे मिटून घे.' त्या एका वाक्यामागे निदान चाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे, तो आज बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी भरवशाची आहे की नाही, यातलं अर्धंच उत्तर त्या गाडीत असतं. उरलेलं अर्धं पार्टच्या दुकानात आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातात असतं.

सुरुवात शब्दापासूनच करू. आपण 'टेम्पो' म्हणतो, तो मराठी शब्द कुठून आला? हॅम्बुर्गमध्ये 'विडाल अँड झोन' नावाची कंपनी होती, तिच्या गाड्यांचं नाव टेम्पो. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली तिच्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो कंपनी काढली. पहिली गाडी तीन चाकांची, हॅन्सीट, गोरेगावला तयार व्हायची. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना झाला आणि १९६९ पासून मॅटाडोर येऊ लागली. तिकडे जर्मनीत विडालची कंपनी साठच्या दशकातच हॅनोमागच्या हातात गेली आणि नाव हळूहळू पुसलं गेलं. इकडे मात्र कोणत्याही कंपनीची गाडी असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. गुजरातेत आणि उत्तरेत 'मॅटाडोर' शब्दाचंही तेच झालं.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. ब्रँडचं नाव वस्तूचं नाव होतं, तेव्हा एक गोष्ट नक्की घडलेली असते. ती वस्तू गावोगाव पोचलेली असते आणि तिला दुरुस्त करणारा माणूसही तिथे असतो. मॅटाडोर जवळजवळ तीन दशकं बनत राहिली. इतका काळ एकच गाडी रस्त्यावर राहिली की तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या तयार होतात. मॅटाडोर फार सुखाची गाडी नव्हती. पण बंद पडली तर चालू करणारा भेटायचा.

आता या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा काळ, १९८० चं दशक. सरकारने छोट्या व्यापारी गाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं आणि एकदम चार जोड्या मैदानात आल्या. दिल्लीजवळ सुरजपूरला डीसीएम टोयोटा. पंजाबात स्वराज माझदा. आंध्रात झहीराबादला ऑल्विन निस्सान. पुणे-हैदराबाद रस्त्याने गेलेल्यांनी झहीराबाद पाहिलं असेलच. आणि इंदूरजवळ पिथमपूरला आयशर मित्सुबिशी. गाड्या सुरेख होत्या. हलक्या, कमी आवाजाच्या, डिझेल कमी पिणाऱ्या. आपल्या ड्रायव्हरांना इतकी आरामशीर केबिन तोवर माहीतच नव्हती.

त्यांच्यासमोर टाटांनी, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोने, १९८६ मध्ये स्वतः बनवलेली ४०७ आणली. कागदावर जपानी गाड्या सरस होत्या. त्या वेळी पैज लावायची असती तर शहाण्या माणसाने जपानवरच लावली असती.

मग घात कुठे झाला? पैशाच्या बाजारात. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांनी डॉलर खाली आणण्याचा करार केला. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, १९८८ उजाडेपर्यंत ते निम्म्यावर आले. म्हणजे जपानहून येणारा प्रत्येक सुटा भाग आपल्यासाठी भराभर महाग होत गेला. या नव्या कंपन्या तर बरेचसे भाग अजून तिकडूनच आणत होत्या. काही वर्षांत सगळं देशी करायचं असं ठरलं होतं, पण येन तेवढं थांबला नाही. बघा हं, न्यूयॉर्कच्या हॉटेलात झालेली सही, आणि त्याचा चटका सोलापूरच्या नाहीतर ग्वाल्हेरच्या गाडीमालकाला, गिअरबॉक्सचा एक भाग घेताना!

चौघांची पुढची गोष्ट थोडक्यात. डीसीएम टोयोटातून टोयोटा बाहेर पडली आणि नव्वदच्या दशकात कोरियाची देवू आली. पुढे देवूही बुडाली. ऑल्विनचं राज्य सरकारच्या मालकीचं जहाज डळमळलं आणि तो कारखाना महिंद्रांकडे गेला. झहीराबादला आज महिंद्रांचं काम चालतं ते त्यामुळे. स्वराज माझदातून माझदा गेली, इसुझू आली आणि २०११ मध्ये नावच बदललं. चौघांत पाय रोवून टिकली ती आयशर. तिने भाग देशात बनवण्यावर जोर दिला आणि २००८ मध्ये व्होल्वोशी नवी भागीदारी केली.

आता नव्वदच्या दशकातल्या एका माणसाची कल्पना करा, त्याने जुनी डीसीएम टोयोटा घेतली आहे. गाडी उत्तम, जपानी इंजिन. पण कंपनीचा मालक बदललेला, डीलरने दुकान बदललेलं, पार्टसाठी दिल्लीला निरोप. शेजाऱ्याची ४०७ तिच्याइतकी गोजिरी नाही, पण तिचा क्लच प्लेट तालुक्याला मिळतो, आणि कंपनीचा नको असेल तर लुधियानाचाही मिळतो. कोणाची गाडी जास्त दिवस रस्त्यावर राहिली असेल? अशा गाड्यांना मी अनाथ गाड्या म्हणतो. त्यांच्यात दोष नसतो, त्यांना घरचं कोणी उरलेलं नसतं.

याच काळात चेन्नईच्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने (स्थापना १९७९) जुन्या ट्रकांवर कर्ज द्यायचा धंदा वाढवला. बँका ज्या ड्रायव्हरला दारात उभं करत नव्हत्या, त्याला हे कर्ज मिळू लागलं. इतिहास म्हणून मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीवर कर्ज देणाऱ्याला गाडीची खरी किंमत कळावीच लागते, कारण हप्ता थकला तर तीच गाडी ओढून विकायची असते. त्यामुळे आजही एक साधी युक्ती चालते. गाडी पसंत पडली की आधी फायनान्सवाल्याला विचारा, या मॉडेलवर, या सालावर किती टक्के देणार? तो कचरत असेल तर कारण विचारा. तो तुम्हाला जाहिरातीपेक्षा खरं सांगेल.

आता येऊ छोट्या हत्तीकडे. मे २००५ मध्ये टाटा एस आली. इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन होतं, त्याचं निम्मं करून दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन केलं आणि ते सीटखाली बसवलं. ताकद सोळा अश्वशक्ती, वजन वाहायची मर्यादा पाऊण टन. त्या काळी तीनचाकी ॲपेवर माल वाहणाऱ्याला चार चाकांची, छोटेखानी ट्रकसारखी दिसणारी गाडी मिळाली. लग्नाच्या बाजारात मुलाची पत वाढली असं लोक हसत हसत म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं.

ती इतकी का चालली याचं एक कारण कायद्यात आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार, भरलेल्या मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. परमिटच्या खेट्यांतून सुटका! बोलेरो पिकअपसारख्या गाड्याही याच मर्यादेच्या आत राहायला बघतात. दुसरं कारण, नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकांच्या ओव्हरलोडिंगवर कडक आदेश दिला. मोठ्या गाड्यांना शहरात दिवसा बंदी वाढत होतीच. मोठा ट्रक शहराबाहेर थांबणार आणि तिथून दुकानापर्यंत छोटी गाडी जाणार, अशी नवी विभागणी झाली.

गंमत अशी, की मोठ्या ट्रकचा ओव्हरलोड थांबवताना तो भार बिचाऱ्या छोट्या हत्तीच्या पाठीवर आला. पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन सिमेंट. म्हणून जुना एस बघताना मीटरचे किलोमीटर शेवटी बघा. तो आकडा फिरवता येतो. आधी खाली वाका आणि मागचे कमानपाटे मोजा. कंपनीने दिले त्याहून जास्त पाटे घातले असतील, तर या गाडीने आयुष्यभर काय सोसलं ते तुम्हाला कळलं. चेसिसवर वेल्डिंगचा टाका किंवा वरून चढवलेली पट्टी दिसली, तर किंमत कितीही कमी असो, पुढची गाडी बघा. हौद्यातलं रबरी मॅट उचलून पत्रा पाहा. कोकणात, गोव्यात मासळी वाहिलेली गाडी मिठाच्या पाण्याने आतून खाल्लेली असते आणि वरचा रंग मात्र नवाकोरा असतो. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं चालणार नाही. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढल्यावर धूर फकफक बाहेर आला, तर रिंगांचं काम जवळ आलंय.

एसच्या यशानंतर बाकीचे आले. महिंद्रांची मॅक्सिमो २०१० ची, दोन सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, त्या काळाच्या मानाने पुढारलेलं. आज ती नव्या गाड्यांच्या यादीत नाही. अशोक लेलँडने निस्सानबरोबर २०११ मध्ये दोस्त आणली. २०१६ मध्ये निस्सान बाहेर पडली. ऐंशीच्या दशकात असं झालं असतं तर दोस्त अनाथ झाली असती. पण लेलँडने भागीदाराचा हिस्सा घेतला आणि गाडी चालू ठेवली, त्यामुळे जुन्या दोस्तला घर आहे. मारुतीची सुपर कॅरीही २०१६ मध्येच आली, तिचं डिझेल इंजिन मात्र पुढे बंद झालं आणि पेट्रोल व सीएनजीची तेवढी उरली. एकाच नावाच्या दोन जुन्या गाड्यांत एकीचं इंजिन आजही बनतं आणि दुसरीचं नाही, हा फरक तिची किंमत ठरवताना धरलाच पाहिजे.

सालाचाही इतिहास असतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत धूर गाळायची आणि सेन्सरची यंत्रणा वाढली. हवा सुधारायला ते हवंच होतं. पण ते बघायला स्कॅनर लागतो, नुसता पाना घेऊन चालत नाही. तुमच्या गावात तो स्कॅनर नसेल, तर जुनी बीएस-६ डिझेल घेण्यापूर्वी दोनदा विचार करा. शहरापुरती फिरणार असाल आणि पंप जवळ असेल, तर सीएनजी बरी असं माझं मत.

आता कागद. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरच्या बाजारात त्या दिसतात. गाडी चांगली असू शकते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि आधीचं कर्ज फिटलं असेल तर फायनान्सरच्या सहीचा फॉर्म ३५. शिवाय फिटनेस. मालगाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी ते करून घ्यावं लागतं. आठ वर्षांच्या गाडीची किंमत जिथे अचानक उतरते, तिथे हेही एक कारण असतं.

हे विकणाऱ्यालाही लागू आहे. २०१८ मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं, की गाडी विकली गेली, पुढे आणखी हातांतून गेली आणि अपघात झाला, पण आरसी पहिल्याच मालकाच्या नावावर. न्यायालयाने नोंदणीत ज्याचं नाव आहे त्यालाच जबाबदार धरलं. म्हणून जुना टेम्पो देऊन दुसरा घेणार असाल, तर आधीच्या टेम्पोची आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का, हे वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. आणि घ्यायच्या गाडीचा चेसिस नंबर आरसीवर नुसता वाचू नका. खाली वाकून, माती पुसून, चेसिसवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.