बारा रुपये आणि वर बक्षिसी

शिक्षकाचे वेतन त्याच्या विद्यार्थ्यांच्या यशावर अवलंबून ठेवावे काय, हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु महाराष्ट्रात त्याचा ऊहापोह एकोणिसाव्या शतकातच झाला आहे.

इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ साली नियम झाला, की सरकारी तपासनिसापुढे वाचन, लेखन व अंकगणित यांत जितकी मुले उतरतील, त्या मानाने शाळेस अनुदान मिळावे. थोड्याच वर्षांत, सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणखात्याचे प्रमुख असताना, ही रीत मुंबई इलाख्यातही आली.

हिशेब वरवर चोख होता. पण इंग्लंडात असे दिसून आले, की परीक्षेचे पुस्तक मुले अर्थावाचून घोकू लागली आणि जे परीक्षेत नाही, त्याची वर्गातून उचलबांगडी झाली. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता. त्यानेही या यांत्रिकपणावर कठोर टीका केली.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. १८४८ पासून शाळा चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. खेड्यातील शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, अशी त्यांची मागणी होती. पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचविले. मात्र निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित समाजास उपयोगी नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले.

यात विसंगती नाही. ज्या घरातील मुलगा गुरे राखावयास लागतो, तेथे शाळेची गोडीच अजून लागावयाची असते. अशा गावी निकालावर पोट भरण्यास कोणता शिक्षक जाईल? बक्षिसी हवी, पण ती भाकरीच्या जागी नव्हे, भाकरीच्या वर.

पुढे लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत ही पद्धत हिंदुस्थानातून मोडीत निघाली. शंभर वर्षांनंतर, २००५ पासून, आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांत एक प्रयोग झाला. तेथे नियमित पगार कायम ठेवून, मुलांच्या गुणांत पूर्वीपेक्षा किती वाढ झाली हे पाहून वर बोनस दिला गेला. दोन वर्षांत त्या शाळांतील मुले गणितात व भाषेत इतरांच्या पुढे गेली.

जोतीरावांनी दाखविलेला भेद सूक्ष्म होता. पण खेड्यातील शाळा उघडी राहणार की बंद पडणार, हे त्याच भेदावर ठरत होते.