महामारीतील टाळेबंदी आणि आत्महत्या : कुसगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

साथीच्या रोगाने किती माणसे दगावली याची मोजदाद शासन करते. परंतु साथ आवरण्यासाठी घातलेल्या निर्बंधांचा समाजमनावर काय परिणाम झाला, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि तिच्यामुळे आत्महत्या वाढल्या, असे विधान तेव्हापासून सर्रास केले जाते. हे विधान कितपत ग्राह्य आहे, याचा शोध मावळ तालुक्यातील कुसगाव व लोणावळा परिसर नजरेसमोर ठेवून प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो साथरोग कायदा १८९७ मधील प्लेगच्या साथीत संमत झाला होता. त्या वर्षी पुण्यात झालेल्या घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि त्यांतून उसळलेला असंतोष सर्वश्रुत आहे. योगायोगाने त्याच वर्षी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आत्महत्या ही केवळ वैयक्तिक मनोव्यथा नसून समाजबंधांच्या घट्टपणाशी व शिथिलतेशी तिचा संबंध असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. युद्धासारख्या सामूहिक संकटात समाज एकवटतो व आत्महत्या कमी होतात. मात्र आर्थिक घडी विस्कटून जगण्याचे नियमच कोसळले, की त्या वाढतात.

पुढील काळातील अनुभव या दोन्ही प्रवृत्तींची साक्ष देतो. अमेरिकेतील १९१० ते १९२० या कालखंडाचा अभ्यास करणाऱ्या वॉसरमन यांना इन्फ्लुएन्झाच्या साथीत आत्महत्या वाढल्याचे आढळले. २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगमधील वृद्धांच्या आत्महत्यांत वाढ झाली. याउलट, २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत २१ देशांच्या आकडेवारीत सर्वसाधारण वाढ आढळली नाही. तथापि हे देश उच्च वा उच्च-मध्यम उत्पन्न गटातील होते. भारत त्यांत नव्हता. जपानमध्ये तर प्रारंभी घट आणि जुलै २०२० पासून वाढ, असा क्रम दिसला.

आकडेवारीचे विवेचन :

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार भारतात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण १०.४ वरून ११.३ व पुढे १२.० झाले. महाराष्ट्राचे आकडे अधिक बोलके आहेत. राज्यात २०१८ मध्ये १७,९७२, २०१९ मध्ये १८,९१६, २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७ आत्महत्या नोंदल्या गेल्या. म्हणजे महामारीपूर्वीच्या वर्षी सुमारे ५.२ टक्के वाढ झाली होती आणि टाळेबंदीच्या वर्षीही ती जवळजवळ तेवढीच राहिली. मोठी वाढ, सुमारे ११.५ टक्के, त्यानंतरच्या वर्षी झाली.

ही वाढ सर्व थरांत सारखी नव्हती. देशातील रोजंदारी मजुरांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ३२,५६३ होत्या. २०२१ मध्ये त्या ४२,००४ झाल्या. विद्यार्थ्यांच्या आत्महत्याही याच काळात १०,३३५ वरून १३,०८९ वर गेल्या. अर्थात २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेतील मृत्यू, उपचारांचा खर्च आणि कर्जबाजारीपणा यांचीही भर पडली होती. त्यामुळे संपूर्ण वाढीचे खापर टाळेबंदीवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. शिवाय हे आकडे पोलिसांकडील नोंदींवर आधारलेले असून बदनामीच्या भीतीने अनेक घटना दडविल्या जातात.

कुसगाव परिसराचा संदर्भ :

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगतचे कुसगाव शेतीबरोबरच लोणावळ्याच्या पर्यटनावर, बंगल्यांच्या देखभालीवर, बांधकामावर आणि शैक्षणिक संकुलांच्या आधाराने चालणाऱ्या लहान व्यवसायांवर अवलंबून आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात पर्यटकांना मज्जाव करण्यात आला. ज्या घटकांत राष्ट्रीय पातळीवर वाढ दिसते, ते मजूर व विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने आहेत. तरीही एका गावासाठी आत्महत्येचा दर काढणे योग्य नव्हे. लोकसंख्या लहान असल्यामुळे एखाद्या घटनेनेही दर दुप्पट होतो. येथे दरापेक्षा रोजगार केव्हा बुडाला, उसनवारी केव्हा संपली व मदत केव्हा आटली, या कालक्रमाची नोंद अधिक मोलाची आहे.

निष्कर्ष :

टाळेबंदी लागताच आत्महत्या उसळल्या, या समजाला महाराष्ट्राच्या वार्षिक आकडेवारीतून पुष्टी मिळत नाही. मात्र टाळेबंदी निरुपद्रवी होती, असाही अर्थ त्यातून निघत नाही. सामूहिक संकटातील आधार ओसरल्यावर आणि गाठीची पुंजी संपल्यावर तिचे ओझे दुर्बल घटकांवर उशिरा पडते, असे अनुमान या क्रमावरून काढता येते. म्हणून निर्बंध उठले की साहाय्यही थांबवावे, हे धोरण घातक ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ सेवाही सुरू झाली. पुढील साथीत आर्थिक मदत आणि मानसिक आधार निर्बंधांनंतर किमान वर्षभर चालू ठेवणे, तसेच महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील विद्यार्थी व श्रमिकांशी संपर्क टिकविणे, हाच या इतिहासाचा बोध होय.