तंजावरची साडेचार मिनिटं

तंजावर मद्रासच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य मद्रासपेक्षा सुमारे साडेचार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. दोन गावांच्या वेळेतला हा फरक नेमका कळला की त्यांच्या रेखांशातला फरक कळतो. त्यात एका सेकंदाची चूक झाली तर नकाशावरचं गाव इथे साडेचारशे मीटर सरकतं. कावेरीच्या मुलखात तेवढ्यात शेजारचं गाव लागायचं.

पण मद्रासच्या घड्याळात या क्षणी किती वाजले, हे तंजावरला कळणार कसं? विल्यम लॅम्बटनने या प्रश्नाला बगल दिली. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून तो त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेत उतरला. त्याने वेळेऐवजी कोन मोजले. कोनासाठी लांबचं दिसावं लागतं, आणि इथे तर सपाट भातखाचरं आणि नारळांच्या रांगा. टेकडी नावाला नाही. तेव्हा देवळांची गोपुरं हेच त्याचे डोंगर झाले. 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून, सहा आठवडे खपून ते जवळजवळ पूर्ववत केलं.

पाचच वर्षांपूर्वी, 1803 मध्ये, याच देवळाच्या आवारात सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा मराठी इतिहास दगडात कोरवून घेतला होता. तो लेख पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. आम्ही मराठी माणसं तिथे अक्षरांपाशी रेंगाळतो. दोराची गोष्ट कोणी सांगत नाही. सरफोजींसारख्या, युरोपातली पुस्तकं हौसेने जमवणाऱ्या राजाच्या गावात ती सांगायला हवी, असं मला वाटतं.

घड्याळांचा प्रश्न पुढे तारायंत्राने सोडवला. 1870च्या दशकात सर्वेक्षण खात्याने दूरच्या ठाण्यांमधली घड्याळं तारेच्या खुणांनी ताडून पाहायला सुरुवात केली. खूण तारेतून पोचायलाही थोडा वेळ लागतो. तो किती, हे आधी माहीत नसतं. म्हणून खूण दोन्ही बाजूंनी पाठवायची. इकडून घड्याळांतला फरक जेवढा जास्त दिसेल तेवढाच तिकडून कमी दिसतो, आणि सरासरी काढली की वाटेतला वेळ आपोआप वजा होतो. इतकी साधी युक्ती, पण तिच्यावाचून पुढचं काहीच झालं नसतं. रेल्वेनेही मद्रासची वेळ धरली, आणि 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तंजावरची साडेचार मिनिटं व्यवहारातून गेली.

आज तारेच्या जागी लेझर आहे, युक्ती तीच. दोन्ही टोकांकडून प्रकाशाचे ठोके सोडायचे आणि येण्याजाण्याची सरासरी काढायची. 2022 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी शिनजियांगमध्ये 113 किलोमीटर अंतरावरून हे करून दाखवलं. पुढच्या वर्षी अमेरिकनांनी हवाईच्या दोन ज्वालामुखींदरम्यान प्रकाश नेऊन परत आणला, एकूण 300 किलोमीटर. चूक सेकंदाच्या अब्जांशाच्याही कितीतरी खाली.

एवढी अचूकता कशाला? कारण उंचावरचं घड्याळ जरा पुढे पळतं, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. तंजावरच्या शिखरावर, सुमारे 60 मीटरवर, ठेवलेलं घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा दिवसाला अर्ध्या नॅनोसेकंदाहून किंचित जास्त पुढे जाईल. आजची सर्वोत्तम घड्याळं एका सेंटिमीटरचा चढउतारही ओळखतात. म्हणजे दोन गावांची घड्याळं जुळवून त्यांच्या उंचीतला फरक मोजता येईल. आणि कावेरीकाठी तर सगळं उंचीवरच चालतं. कल्लणैच्या बंधाऱ्यातून निघालेलं पाणी कालव्यांच्या अगदी शेवटी, ज्याला तमिळमध्ये कडैमडै म्हणतात, तिथपर्यंत पोचतं की नाही, हे उतारावर ठरतं. जमीन थोडी खचली, कालव्यात गाळ साचला, की शेवटच्या गावातली रोपं वाळतात. मेट्टूरचे दरवाजे 12 जूनला उघडले तरी भांडणं सुटत नाहीत, कारण वरच्या गावाला उतार पुरेसा वाटतो आणि खालच्याला तो नाहीसा झालेला दिसतो. अशा भांडणात कोणाचं तरी माप धरावं लागतं.

पण लेझरलाही समोरचं दिसावं लागतं. तंजावरच्या शिखरावरून क्षितिज जेमतेम 28 किलोमीटरवर आहे. नागपट्टिणम सरळ रेषेत सुमारे 78. मध्ये पुन्हा नारळांच्या रांगा. लॅम्बटनने गोपुरं वापरली, आताच्या लोकांना उपग्रह वापरावा लागेल. तो प्रयोगही झाला आहे: 2008 मध्ये समुद्रपातळी मोजायला गेलेल्या जेसन-2 उपग्रहावर एक फ्रेंच उपकरण होतं. जमिनीवरून आलेल्या लेझरच्या ठोक्यांची वेळ ते टिपून ठेवायचं.