हे व्याकरण कोणासाठी लिहिलं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात मराठी व्याकरणाचं पुस्तक मागितलं, की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "शाळेसाठी हवंय की स्पर्धा परीक्षेसाठी?" तिसरी कुठलीच गरज त्याच्या हिशेबात नसते. माझी गरज तिसरी होती. आंदर मावळात टाकव्याच्या पुढे आमचं घर आहे. तिथे पंधरा वर्षांचा पुतण्या शाळेत न जाता घरी शिकतो. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसेल. गणितात तो रमतो, आंद्रा नदीच्या काठचे पक्षी त्याला नावानिशी ठाऊक आहेत, पण व्याकरणाचं नाव काढलं की उठून जातो. त्याचं म्हणणं साधं आहे: "मला मराठी येतंय. मग ते परत कशाला शिकायचं?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांची वंशावळ तपासली तर कळतं, की यातली बहुतेक पुस्तकं ज्यांना मराठी येत नव्हती त्यांच्यासाठी, किंवा ज्यांची परीक्षा घ्यायची होती त्यांच्यासाठी लिहिली गेली. पुस्तक निवडायचं असेल तर आधी त्याचं कूळ पाहावं.

या कुळाचा मूळपुरुष मात्र वेगळा आहे. चौदाव्या शतकातल्या महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' हा मराठीतला व्याकरणविचाराचा पहिला ग्रंथ मानतात. चक्रधरस्वामींची वचनं केसोबासांनी 'सूत्रपाठा'त एकत्र केली होती. स्वामी गेल्यानंतर त्यांचा शब्द हाच अनुयायांचा आधार उरला. त्या शब्दाचा अर्थ चुकू नये, कोणतं पद कशाशी जोडायचं यात घोळ होऊ नये, म्हणून भाषेची ही बारीक तपासणी सुरू झाली. समोर परीक्षा नव्हती की परका विद्यार्थी नव्हता. ज्यांची भाषा मराठी, त्यांनीच आपल्या जिवाच्या वचनांसाठी केलेलं हे व्याकरण होतं. पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि ही वाट पुढच्या शतकांत बाहेरच्या मराठी समाजापर्यंत पोचलीच नाही.

छापील व्याकरण आलं ते समुद्रापलीकडून. 'क्रिस्तपुराण' मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या बोलीचं, म्हणजे कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली ते राचोलला छापलं गेलं. त्याचा वाचक होता युरोपातून आलेला पाद्री. खुद्द मराठीचं व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचे तरुण साहेब देशी भाषा शिकत, त्यांच्यासाठी ते इंग्रजीतून लिहिलेलं होतं. पंडित वैजनाथ शर्मा यांची त्यात मोलाची मदत होती. साहेबाला मुलखात जाऊन रयतेशी बोलायचं होतं आणि कागद वाचायचे होते. म्हणून नामाची रूपं, क्रियापदाची रूपं आणि सरावाला वाक्यं अशी मांडणी झाली. शून्यातून भाषा शिकणाऱ्याला ती अगदी योग्य. माझ्या पुतण्यासारख्या जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला 'मी जातो, तू जातोस, तो जातो' हा तक्ता पाठ करायला लावणं म्हणजे त्याला त्या साहेबाच्या बाकावर बसवणं.

मग मुंबईत शाळा निघाल्या आणि मराठी मुलांसाठी मराठीतून व्याकरण हवं झालं. १८३६ हे वर्ष या बाबतीत मोठं भाग्याचं. त्याच साली गंगाधरशास्त्री फडके यांचं व्याकरण आलं, बाळशास्त्री जांभेकरांचं 'बालव्याकरण' आलं आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. दादोबा तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. छापखान्याची मराठी अजून बाळसं धरत होती, शब्द कसा लिहावा याचंही एकमत नव्हतं, अशा काळात या तरुणाने मराठीच्या सगळ्या अंगांची व्यवस्था लावायला घेतली. १८५० साली त्यांनी दुसरी आवृत्ती काढली, लहान मुलांसाठी लघुव्याकरण लिहिलं आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मूळ पुस्तकाला 'पूरणिका' जोडली. जवळजवळ अर्धशतक ते आपलंच काम पुन्हा पुन्हा तपासत राहिले. लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं ते उगाच नाही.

पण दादोबांपुढे नमुने दोनच होते: संस्कृत व्याकरण आणि इंग्रजी व्याकरण. मराठीला बसवायचं ते या चौकटींत. त्याचा ठसा आजही प्रत्येक शाळकरी मुलाच्या वहीत आहे. विभक्तीचा तक्ता आठवून पाहा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. प्रत्यय तेच, तरी रकाने दोन, कारण संस्कृतात त्या दोन विभक्त्या आहेत. चौकस मूल इथे हमखास अडतं. "दोन्हीकडे 'ला'च आहे, मग वेगळं काय?" असं ते विचारतं आणि उत्तर मिळतं, "पाठ कर." व्याकरणाविषयीची नावड अशाच जागी रुजते. मुलाची शंका रास्त असते, आणि मराठीतल्या मोठ्या माणसांनीही ती घेतलेली आहे.

दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून केली. त्यांचे हे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली पुस्तकरूपाने आले. १९११ साली मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालं. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावाने मराठी कवितेला नवं वळण दिलं, दुसऱ्याने मराठी वाक्याचा सांधा न् सांधा उकलून पाहिला. दामले आधीच्यांची मतं मांडतात, त्यांतलं काय पटतं आणि काय नाही ते कारणांसह सांगतात, मग स्वतःचा निर्णय देतात. हा ग्रंथ जाडजूड आहे आणि मुलाच्या हाती पहिल्या दिवशी द्यायचा नाही. पण घरी शिकवणाऱ्याने तो जवळ ठेवावा, कारण व्याकरणात वाद असतो, तिथे विचार करायला जागा असते, हे त्यातून पानोपानी कळतं. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहून संस्कृतच्या चौकटीलाच सवाल केला. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी दामल्यांचा ग्रंथ नव्याने संपादून उपलब्ध करून दिला आणि पुढे मराठी व्याकरणाचा इतिहासही लिहिला. या विद्वानांचा वाचक त्यांच्याइतकाच जिज्ञासू आणि चिकाटीचा होता.

शाळेकडे मात्र हा वाद झिरपला नाही. तिथे पोचले ते नियम. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एक पाठ्यपुस्तक पोचू लागलं. आज दहावीच्या 'कुमारभारती'त व्याकरणाचं वेगळं पुस्तक नाही. धड्यांच्या जोडीने 'भाषाभ्यास' येतो आणि ८० गुणांच्या पत्रिकेत त्याला १६ गुण असतात. दुसरीकडे मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' शाळेतून निघून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत जाऊन बसलं. मांडणी नेटकी, उदाहरणं भरपूर, शोधायला सोपं. नोकरीची आस घेऊन गावातून आलेल्या कितीतरी मुलांना या पुस्तकाने हात दिला आहे. त्याचं ऋण मोठं आहे. जुनी प्रत घेताना एवढं पाहावं, की २००९ साली शासनाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत घेतले. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांतली ४८ वर्णांची मोजणी आता चालत नाही.

तर हे सगळं कूळ समोर मांडल्यावर दिसतं, की भक्तासाठी, पाद्रीसाठी, साहेबासाठी, मुंबईच्या शाळकरी मुलासाठी, पंडितासाठी आणि परीक्षार्थीसाठी मराठीत व्याकरण लिहिलं गेलं. आंदर मावळात भातखाचराच्या बांधावर वाढणाऱ्या, मराठी घरातच ऐकलेल्या मुलासाठी ते अजून लिहायचं आहे. कार्ल्याच्या लेण्यांतल्या प्राकृत लेखांत मावळचा उल्लेख 'मामाल' असा येतो. तेव्हापासून या खोऱ्यात माणसं बोलत आली आहेत आणि नियमाने बोलत आली आहेत.

तो नियम पोराला त्याच्याच तोंडून काढून दाखवता येतो. काकू भात लावते, नाचणी लावते, रोप लावते. क्रियापद काकूच्या मागून चालतं. आता कालची गोष्ट सांग म्हणावं: काकूनं भात लावला, नाचणी लावली, रोप लावलं. काकू तीच, पण क्रियापदाने तिची साथ सोडून पिकाची धरली. आणखी एक पाऊल: काकूनं बैलाला हाकललं, गाईला हाकललं, वासराला हाकललं. आता क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, 'हाकललं' वर ठाम उभं आहे. कर्तरी, कर्मणी, भावे हे तिन्ही प्रयोग एवढ्यात आले. व्याख्या एकही सांगितली नाही. आमच्या पुतण्याने तिसऱ्या ओळीशी थांबून स्वतःच विचारलं, "मग 'ला' लागला की असं होतं का?" दादोबांपासून मंगरूळकरांपर्यंत सगळे ज्या प्रश्नापाशी बसले, तिथेच तो येऊन बसला होता.

आजीची बोलीही अशीच समोर घ्यावी. मावळ-खेड-जुन्नर पट्ट्यात 'मपला', 'तुपला' ऐकू येतं. पुस्तक 'माझा', 'तुझा' सांगतं. पण मपला, तुपला, आपला असे शेजारी ठेवले तर बोलीची घडण किती एकसारखी आहे ते दिसतं. आजी 'म्या केलं' म्हणते, तेव्हा ते रूप गावठी म्हणून हिणवायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठीत 'म्यां' हे प्रतिष्ठित रूप होतं. हे कळलं की मुलाला आपल्या घरच्या बोलीची लाज वाटत नाही, आणि परीक्षेत प्रमाण रूप का लिहायचं हेही पटतं. ते सर्वांसाठी ठरवलेलं रूप आहे, आजीचं रूप चुकीचं ठरवणारा निकाल नव्हे.

म्हणून आमचा क्रम असा ठरला. आधी पुस्तक नाही, वही. घरात, बाजारात, एसटीत ऐकलेली वाक्यं त्याने उतरायची, सारखी वाक्यं एकत्र लावायची आणि नियम आपल्या शब्दांत लिहायचा. मग 'कुमारभारती'चा भाषाभ्यास, कारण ते १६ गुण त्याच्या हक्काचे आहेत आणि परिभाषा तिथे लागते. हाताशी वाळंबे, शंका आली की उघडायला. आणि त्याचा स्वतःचा नियम पुस्तकाच्या नियमाशी भांडू लागला की त्या दिवशी दामले. नावड असलेल्या मुलाला सोपं पुस्तक द्यावं असं सगळे सुचवतात. माझं मत उलट आहे. या वयाच्या मुलाला सोपेपणा नको असतो, त्याला आपल्या शंकेचा मान हवा असतो. मराठी व्याकरणाचा इतिहास अशा शंकांनीच पुढे गेला आहे, आणि 'ला' दोन रकान्यांत का, असं विचारणारा मुलगा त्या इतिहासाचा वारस आहे. त्याला तसं वागवणारं पुस्तक निवडावं, आणि तसं मिळेपर्यंत त्याच्या वहीलाच पुस्तक मानावं.