२२ फेब्रुवारी : कॅमेऱ्यामागचा वाल्तेर

१९९८ साली आजच्या दिवशी बर्लिन महोत्सवात वाल्तेर सालेस यांच्या ‘सेंट्रल स्टेशन’ने सुवर्ण अस्वल पटकावले, तर फर्नांदा माँतेनेग्रो सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. कॅमेऱ्यामागेही एक वाल्तेरच होते, वाल्तेर कार्व्हाल्यो. (छायालेखकाचे नाव श्रेयनामावलीत वाचायला थांबतो कोण!)

ब्राझीलच्या पाराइबा राज्यातल्या जोआँव पेसोआ येथे १९४७ साली जन्मलेल्या कार्व्हाल्यो यांना सिनेमाची वाट दाखवली ती थोरले बंधू, माहितीपटकार व्लादिमिर यांनी. ‘सेंट्रल स्टेशन’मध्ये रिओच्या स्थानकात निरक्षरांची पत्रे लिहून देणारी नायिका दोरा सुरुवातीला गर्दीत कोंडलेली दिसते. मागचे सारे धूसर. ईशान्येकडच्या प्रवासात मात्र चौकट ऐसपैस होते, क्षितिज दिसू लागते. तिचा बदलता स्वभाव संवादांआधी कॅमेराच सांगतो.

‘लावोरा आर्काइका’, ‘मादाम सातां’, ‘कारांदिरू’ यांचे छायालेखनही त्यांचेच. दिग्दर्शक म्हणून ‘बुदापेस्त’ (२००९) आणि रॉक गायक राउल सेइशास यांच्यावरचा माहितीपट आहेच. पण खरी बाजी मारली ती जोआँव जार्दिम यांच्यासोबतच्या ‘जानेला दा आल्मा’ने (२००१). त्यात अधू किंवा गेलेल्या दृष्टीविषयी लेखक सारामागो, दिग्दर्शक विम वेंडर्स आणि दृष्टिहीन छायाचित्रकार एव्हगेन बावचार मोकळेपणाने बोलतात.