मागची सीट

1972 साली पुण्याने देशाला दोन गाड्या दिल्या. इटलीच्या व्हेस्पाचा परवाना संपल्यावर आकुर्डीच्या बजाज ऑटोने स्वतःची चेतक काढली आणि फिरोदियांच्या कायनेटिकने पन्नास सीसीची लूना. चेतकचे गिअर डाव्या मुठीत, सुरू करायला पायाने किक. लूनाला गिअर नाहीत, सायकलसारखी पायडलं. यातली आपली कोणती, हे पुण्यातल्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका बँकेत मी नोकरीला लागले आणि हप्त्यांवर लूना घेतली. पदर खोचायचा, पर्स हँडलला अडकवायची, डबा पायाशी ठेवायचा आणि सदाशिव पेठेतून निघायचं. येताना मंडईतून भाजी. चढाला पायडल मारून गाडीला हात द्यावा लागे, पण वाटेत पेट्रोल संपलं तरी ती पायडल मारत घरी आणता येई. आमच्या बँकेखाली अशा लूना रांगेने उभ्या असत. कॉलेजपर्यंत सायकलवर वाढलेल्या आम्हा मुलींना त्यात धाडस वाटत नव्हतं. एवढं मात्र खरं की घरी कधी पोचायचं, हे बसवर किंवा भावावर अवलंबून राहिलं नाही.

घरात चेतकही होती, दादाच्या नावावर. बाबांनी नंबर लावला तेव्हा तो शाळेत होता. चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणजे पोरगा मोठा होईस्तोवर गाडी येईल, असा हिशेब. माझ्या नावाने नंबर लावावा, असं बाबांच्या मनात आलं नाही, आईच्याही नाही. माझ्यावर दोघांचा जीव होता. तरीही नाही, आणि हेच मला आज जास्त लागतं.

त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र तरी दुसरं कुठलं होतं? स्कूटरच्या जाहिरातीतलं कुटुंब ठरलेलं असे. हँडल नवऱ्याच्या हातात, पुढे उभा मुलगा, मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली बायको. 1989मध्ये लिंटासने केलेली ‘हमारा बजाज’ दूरदर्शनवर लागली की आम्ही सगळे हातातलं काम सोडून बघायचो. पुण्याची स्कूटर साऱ्या देशाची झाली, याचा अभिमान मलाही होता. पण रोज सकाळी टिळक रस्त्यावर दिसणाऱ्या बायका, डॉक्टरीणबाई, शिक्षिका, एलआयसीतल्या क्लार्क, स्वतःची गाडी स्वतः हाकणाऱ्या, त्यांना त्या काळच्या जाहिरातींत मी शोधत राहिले. क्वचितच कुणी सापडली.

टाटांच्या पिंपरीतल्या टेल्को कंपनीने तर 1974मध्ये नोकरीच्या जाहिरातीतच छापलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, मुलाखतीचं बोलावणं मिळवलं आणि त्या तिथे इंजिनिअर म्हणून लागल्या. ती बंदी निदान उघड लिहिलेली होती, म्हणून तिला उत्तर देता आलं. चित्रातल्या मागच्या सीटला पोस्टकार्ड कुठे पाठवायचं?

मग 2001 साल आलं. बजाजने पल्सर बाजारात आणली आणि ओगिल्वीने तिला ओळ दिली, ‘डेफिनेटली मेल’. नक्की मुलगाच. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 946 होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988मध्ये, आपल्या राज्याने केला होता. 1994च्या केंद्राच्या कायद्याने तर अशा तपासणीच्या जाहिरातीवरही बंदी घातली. मोटरसायकलच्या जाहिरातीने मुली कमी झाल्या, असं मी म्हणणार नाही. ते सोनोग्राफीच्या खोलीत आणि त्याआधी घरांत ठरत होतं. पण त्या घरांत ज्या बातमीची वाट पाहिली जायची, नेमकी तीच बातमी होर्डिंगवर आनंदाने लिहिलेली होती. आकडे वाचल्यावर मला त्या होर्डिंगकडे बघवेना.

पुढे मुलींनाही गिऱ्हाईक म्हणून ओळखलं गेलं. सगळी मजा मुलांनीच का करायची, असं विचारत हीरो होंडाची प्लेझर आली आणि तरुण मुली आरशापुढे न बसता रस्त्यावर दिसल्या. बरं वाटलं. पण त्यातून ‘मुलींची गाडी’ असा वेगळा कप्पाही पक्का झाला. माझ्या भाचीला मोटरसायकल हवी होती. दुकानातला विक्रेता तिच्याशी न बोलता तिच्या बाबांना स्कूटरचे रंग दाखवत राहिला.

जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था अ‍ॅस्की हिने जून 2022मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. लूना येऊन तोवर पन्नास वर्षं झाली होती. दरम्यान, ‘डेफिनेटली मेल’वाल्या बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात डॉमिनार या दणकट मोटरसायकलची जुळणी करण्यासाठी फक्त बायकांची लाइन उभी राहिली होती. त्या मुलींनी जोडलेली मोटरसायकल त्यांच्यातलीच एखादी पुणे-नाशिक रस्त्यावर चालवतेय, अशी जाहिरात मला बघायची आहे, आणि तिच्या मागच्या सीटवर तिचा नवरा बसलेला असला तरी त्यात कुणाला हसू येऊ नये.