उसावरील केवडा

प्रवरेच्या कालव्याखालील मुलखांत, म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, राहाता या बाजूस, उन्हाळ्याच्या तोंडीं ज्यांस प्रवास घडला असेल, त्यांनीं हिरव्यागार फडाच्या मधोमध एखादा पिवळट, किंबहुना पांढुरका पट्टा अवश्य पाहिला असेल. खोडव्याच्या उसांत तर तो विशेषच दिसतो. शेतकऱ्यास विचारावें तर तो म्हणतो, "केवडा पडला." केवड्याच्या कणसांतील कोवळ्या पात्यांचा रंग ज्यांच्या डोळ्यांपुढें आहे, त्यांस या नांवाची यथार्थता निराळी सांगावयास नको. परंतु हें नांव जितकें सुंदर तितकेंच फसवें आहे. बाजरीवर बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांमुळें पडणारा रोग तोही केवडाच, चुनखडीच्या रानांत भुईमूग पिवळा पडतो तोही केवडाच, आणि उसावरचा हाही केवडाच. नांव लक्षणास मिळालें आणि कारण झांकलेलेंच राहिलें. हें कारण कसें उघड झालें आणि आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याशीं, म्हणजे कालपरवांपर्यंतच्या अहमदनगराशीं, त्याचा संबंध काय, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

वनस्पतीचें अन्न मातींतील कुजक्या द्रव्यांतच असतें, अशी समजूत युरोपांतही फार काळ होती. जर्मन रसायनज्ञ लीबिग याचा ग्रंथ १८४० सालीं निघाला आणि खनिज द्रव्यांचें महत्त्व विद्वानांच्या गळीं उतरूं लागलें. पुढें १८६० च्या सुमारास झाक्स व क्नोप या दोघांनीं माती अजिबात वगळून केवळ पाण्यांत ठराविक क्षार विरघळवून रोपें वाढवून दाखविलीं. परंतु आमच्या विषयाचा खरा आद्यपुरुष म्हणजे फ्रान्समधील युसेब ग्री हा होय. त्यानें १८४३-४४ सालीं पिवळ्या पडलेल्या पानांस लोहक्षाराचें पाणी लाविलें, तों पानांवर हिरवा रंग फिरून आला! इतका साधा प्रयोग इतका निर्णायक क्वचितच ठरतो. त्यानंतरच्या शतकांत मंगल, बोरॉन, जस्त, तांबें यांची आवश्यकता एकामागून एक सिद्ध झाली. एखादें द्रव्य 'आवश्यक' केव्हां म्हणावें, याची कसोटी आर्नन व स्टाउट यांनीं १९३९ सालीं घालून दिली. त्या द्रव्यावांचून वनस्पतीचा जीवनक्रम पुरा होतां कामा नये, दुसऱ्या द्रव्यानें त्याची जागा भरून येतां कामा नये, आणि पोषणांत त्याचा प्रत्यक्ष भाग असला पाहिजे. या कसोटीस आज १७ मूलद्रव्यें उतरलीं आहेत. त्यांपैकीं तीन हवा व पाणी यांतून मिळतात, बाकीचीं चौदा मुख्यतः मातींतून घ्यावीं लागतात.

आतां उपासमार ओळखावी कशी? पान जुनें कीं नवें, हा पहिला प्रश्न. नत्र तुटलें म्हणजे खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं पडतात. घरांत धान्य अपुरें पडलें कीं वडील माणसें आपल्या ताटांतलें मुलांच्या ताटांत वाढतात, तद्वत् जुनें पान आपलें नत्र शेंड्याकडे पाठवितें. पालाशाचेंही तसेंच, जुन्या पानांच्या कडा करपूं लागतात. लोहाची गोष्ट निराळी. तें एकदां पानांत बसलें कीं सहसा हलत नाहीं. म्हणून खालीं जुनीं पानें हिरवीगार आणि शेंड्याचें कोवळें पान मात्र फिकट, शिरा हिरव्या व शिरांमधील भाग पिवळा, असें चित्र दिसतें. गंधकाच्या अभावींही नवेंच पान पिवळें पडतें, परंतु तें शिरांसकट. इतका भेद ध्यानीं ठेविला तरी पुष्कळ खर्च वांचेल असें आम्हांस वाटतें. कारण व्यवहारांत पिवळें पान दिसलें कीं युरियाचें पोतें फुटतें.

या जिल्ह्यांत हा प्रश्न एवढा मोठा कां व्हावा? अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याने बाजरी-ज्वारीच्या रानांत वर्षभर उभा राहणारा, खादाड असा ऊस आणिला. पेंडी आल्या, अमोनियम सल्फेट आलें, आणि १९५० सालीं प्रवरानगरास सहकारी कारखाना सुरू झाल्यावर तर उसास आणखी जोर चढला. जमिनींकडे शास्त्राचें लक्ष अगदींच नव्हतें असें नव्हे. बसू व सिरूर यांनीं नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवे यांखालील जमिनींचें वर्गीकरण केलें, तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

गंमत अशी कीं, ज्या काळ्या पाषाणापासून ही माती झाली त्यांत लोह विपुल आहे. कोठार भरलेलें आणि घरांत उपास, असा हा प्रकार! कुलुपाचें नांव चुनखडी. मातीचा विम्लपणा मोजण्याच्या मापांत एक अंक वाढला कीं विरघळूं शकणारें लोह सुमारें हजारपटीनें घटतें. आणि येथील पुष्कळ रानें या मापांत ८ च्या वर आहेत. त्यांत पाणी तुंबलें कीं बायकार्बोनेट वाढून मुळांची अडचण अधिकच होते. म्हणजे पिवळेपणा पाहून जो गृहस्थ आणखी एक पाणी देतो, तो आपल्या हातानें दुखणें वाढवितो. अतिपाण्यानें कालव्याकांठचीं रानें खारवट झालीं, तो याच चुकीचा दुसरा भाग होय.

येथें जोतीराव फुल्यांची आठवण होते. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथांत त्यांनीं डोंगरावरील पालापाचोळ्याचें व मेलेल्या प्राण्यांचें सत्त्व पावसाबरोबर शेतांत येत असे, याचें वर्णन केलें आहे. ज्या कृषि विद्यापीठाची स्थापना १९६८ सालीं झाली आणि ज्याचें ठाणें राहुरीस आहे, त्यास त्यांचेंच नांव आहे. आणि त्याची उसाकरितां शिफारसही शेणखतासच धरून आहे. हेक्टरीं २५ किलो हिराकस द्यावयाचें, परंतु नुसतें नव्हे, शेणखतांत मुरवून; कारण चुनखडीच्या मातींत उघडें पडलेलें हिराकस थोडक्याच दिवसांत निरुपयोगी होतें. जस्ताचा क्षार २० किलो, तोही असाच. जस्ताची कथाही केवड्यासारखीच आहे. पंतनगरास भातावर पडणाऱ्या 'खैरा' या विकाराचें मूळ जस्ताच्या अभावांत असल्याचें नेने यांनीं १९६६ सालीं दाखविलें; तोंवर त्यासही रोगच समजत.

हिराकस आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. हिरड्याच्या काढ्यांत तें घालून आमचे वाडवडील काळी शाई करीत. ज्यास आपल्या फडाविषयीं संशय असेल त्यानें तेंच थोडें, शेंकडा अर्ध्या प्रमाणानें, पाण्यांत विरघळवून सकाळच्या वेळीं एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागास लावावें, उरलेला भाग तसाच सोडावा, आणि आठ-दहा दिवसांनीं पुन्हां बांधावर यावें.